पुण्यात सूचिपर्णी रोपे कधी लावावीत, कधी हलवावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की अरौकेरिया, मोरपंखी, ज्युनिपर यांच्याबद्दल प्रश्न यायला लागतात आणि नाताळच्या आसपास त्यांची दुसरी लाट येते. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरे पुणे शहर आणि आसपासच्या परिसरासाठी आहेत. लोणावळा, मुळशीसारख्या धो धो पावसाच्या भागासाठी प्रश्न १७ पाहा.

१. सूचिपर्णी म्हणजे नेमकी कोणती झाडे? सुरू आणि अशोक त्यात येतात का?

पुण्याच्या नर्सऱ्यांत सहज मिळणारी खरी सूचिपर्णी झाडे म्हणजे अरौकेरिया (जिला सगळे ख्रिसमस ट्री म्हणतात), मोरपंखी, ज्युनिपर, पोडोकार्पस आणि क्वचित चीड (एक प्रकारचा पाइन). समुद्रकिनाऱ्यावर दिसणारे सुरूचे झाड लांबून तसेच वाटते, पण ते सूचिपर्णी नाही; त्याच्या ज्या सुया दिसतात त्या बारीक हिरव्या डहाळ्या असतात. सोसायटीच्या कुंपणाला लावतात तो उंच, सरळसोट अशोकही यातला नाही. सायकस लांबचा नातेवाईक आहे, पण त्याचे वागणे वेगळे आणि तो बराच काटक. पुढची उत्तरे या तिघांना लागू करू नका.

२. थोडक्यात सांगा, पुण्यात लावायला सगळ्यात चांगला काळ कोणता?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. मुरमाड, उताराची जमीन असेल तर जुलैच. भारी काळी माती असेल तर ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत (प्रश्न ५).

हलवलेल्या रोपाची मुळे तुटलेली किंवा दुखावलेली असतात, त्यामुळे ते पाणी कमी ओढते, पण पानांतून मात्र पाणी उडतच राहते. म्हणून वर हवा थंड, दमट, ढगाळ हवी आणि खाली माती उबदार, ओलसर हवी. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे तापमान २८ अंशांच्या आसपास असते, ऊन फारसे नसते आणि माती मात्र मुळे वाढण्याइतकी उबदार असते. वर्षात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात त्या याच काळात.

आणि माझे सगळ्यात ठाम मत सांगतो. लागवडीची तारीख पहिल्या पावसावरून ठरवू नका, ऑक्टोबर हीटपासून मागे मोजा. ऑक्टोबरचे कोरडे ऊन सुरू होण्याआधी मुळांना नव्या मातीत शिरायला किमान सहा आठवडे मिळाले पाहिजेत. त्यानंतरची खरी परीक्षा मार्च ते मेची. तोवर जेवढी मुळे जुन्या हुंडीबाहेर (हुंडी म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा) पडली असतील, तेवढी जगण्याची शक्यता.

३. कडुनिंब, करंज कधीही लावले तरी तग धरतात. यांनाच एवढे जपावे का लागते?

पाण्याचा ताण पडला की कडुनिंब पाने गाळतो, थोडे दिवस काडीसारखा उभा राहतो आणि पाणी मिळाले की खोडावरून पुन्हा फुटतो. बहुतेक सूचिपर्णी झाडांना हे जमत नाही. त्यांची पाने वर्षानुवर्षे झाडावर राहतात आणि जी फांदी एकदा पूर्ण वाळली तिच्या जुन्या लाकडातून नवा फुटवा येत नाही. मोरपंखीची खालची बाजू एकदा करपली की ते भगदाड तसेच राहते.

दुसरे कारण जास्त फसवे आहे. ही झाडे मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवी दिसतात. पाने जाड, चिवट, मेणचट थराची. आतले पाणी संपायला वेळ लागतो. मार्चमध्ये लावलेले रोप एप्रिलमध्ये हिरवेगार दिसते म्हणून लोक निश्चिंत होतात आणि मेमध्ये ते एकदम तांबूस पडते. तेव्हा 'अचानक काय झाले' असे विचारले जाते. ते अचानक झालेले नसते. मुळे महिनाभर आधीच वाळलेली असतात.

तिसरे म्हणजे मुळांवरच्या उपयुक्त बुरश्या. चीड आणि त्याच्या जातभाईंच्या मुळांवर बुरशीचे आवरण असते आणि मातीतले पाणी, स्फुरद शोषायला ती मदत करते. मुळांची माती झटकून रोप लावले तर ही मदत तुटते. म्हणून सूचिपर्णी रोप नेहमी मातीच्या हुंडीसकटच हलवायचे.

४. मृग लागला, पहिला पाऊस पडला. लगेच लावू का?

थांबा. पहिल्या एक-दोन सरींनी वरची चार बोटे माती भिजते, खाली उन्हाळ्याची धग तशीच असते. त्यातच जूनमध्ये पाऊस अनेकदा आठ-दहा दिवस दडी मारतो आणि मधल्या दिवसांत ऊन पुन्हा चटके देते. नवे रोप नेमके त्यात सापडते.

लोखंडी पहार किंवा जाड सळई जमिनीत खुपसून पाहा. जोर न लावता फूटभर खाली गेली आणि टोकाला ओली माती लागली, तर जमीन तयार आहे. साधारणपणे आर्द्रा नक्षत्रात जमीन मुरते. पुनर्वसू आणि पुष्य, म्हणजे शेतकरी ज्याला तरणा आणि म्हातारा पाऊस म्हणतात, ते जुलैभर चालतात आणि सूचिपर्णींसाठी तेच उत्तम. शुभ-अशुभ दिवस पाहायचा की नाही हा तुमचा प्रश्न. रोपाला फक्त ओल आणि ढग कळतात.

जून मोकळा सोडायचा असेही नाही. रोपे आणून सावलीत ठेवणे, खड्डे घेणे, त्यांचा निचरा तपासणे ही कामे जूनमध्ये उरका.

५. आमच्याकडे काळी माती आहे, शेजारच्या सोसायटीत मुरूम. दोघांनी एकाच वेळी लावायचे का?

नाही, आणि या प्रश्नाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. पुणे बेसाल्ट खडकावर वसले आहे. बावधन, पाषाण, कोथरूडच्या टेकड्यांच्या उतारावर मातीचा थर पातळ आणि खाली मुरूम असतो. हडपसर, मांजरीकडे नदीकाठाला खोल काळी जमीन लागते. मुरमातून पाणी पटकन निघून जाते, म्हणून तिथे पावसाळ्याचा जास्तीत जास्त भाग रोपाला मिळावा यासाठी जुलैच्या सुरुवातीलाच लावलेले बरे. काळी माती पाणी धरून बसते. जुलैच्या झडीत तिच्यातली हवा संपते आणि मुळे गुदमरून कुजतात. दुष्काळापेक्षा या कुजण्यानेच सूचिपर्णी रोपे जास्त जातात, असे मला वाटते. म्हणून काळ्या मातीत पावसाचा जोर ओसरल्यावर, मघा-पूर्वा नक्षत्रांच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून लावा.

तुमची जमीन कोणत्या गटात मोडते हे पाहण्यासाठी फूट-दीड फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने काठोकाठ भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसेच साचलेले असेल तर त्या जागी सपाट जमिनीवर लावूच नका. सहा ते नऊ इंच उंचीचा पसरट मातीचा उंचवटा करा आणि त्यावर लावा.

नव्या सोसायट्यांमध्ये तिसराच प्रकार असतो. वर सहा इंच लाल माती आणि खाली बांधकामाचा राडारोडा. सिमेंट-चुन्यामुळे ही जमीन अल्कधर्मी होते आणि पाने पिवळी पडतात. तिथे महिना निवडण्याआधी राडारोडा उपसून काढा. तीन फूट रुंदीचा भाग तरी स्वच्छ झाला पाहिजे.

६. पावसाळ्याऐवजी थंडीत लावले तर? हवा छान असते.

रात्री थंड असतात हे खरे, पण पुण्यातल्या डिसेंबरच्या दुपारी तापमान ३० अंशांपर्यंत जाते आणि हवा अगदी कोरडी असते. पानांतून पाणी उडणे चालूच राहते, मुळांची वाढ मात्र पावसाळ्याच्या मानाने मंद होते. शिवाय पुढे अडीच-तीन महिन्यांत उन्हाळा.

तरीही हिवाळा हा दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय आहे, वर्ज्य नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत लावता येते, पण दोन अटींवर: नियमित पाणी घालणारे कोणीतरी घरी हवे आणि फेब्रुवारीपासून पश्चिमेकडून सावली करायची तयारी हवी. ज्यांच्या जागेत पावसाळाभर पाणी साचते त्यांच्यासाठी तर हिवाळाच बरा. जानेवारीच्या उत्तरार्धानंतर मात्र थांबा.

७. परदेशी व्हिडिओंमध्ये शरद ऋतू किंवा वसंत सांगतात. ते चूक आहे का?

त्यांच्या जागी ते बरोबर आहे. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते. म्हणून एक तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, माती अजून उबदार असताना लावतात, किंवा बर्फ वितळल्यावर, नवे कोंब फुटण्याआधी. आपल्याकडे हिमालयातही मुख्य लागवड पावसाळ्यातच होते, शिवाय झाडे सुप्तावस्थेत असताना हिवाळ्यात काही ठिकाणी करतात.

तत्त्व सगळीकडे एकच: वर गारवा, खाली ऊब आणि ओल, पुढे मुळांसाठी पुरेसा अवधी. त्यांचा मार्च-एप्रिल म्हणजे ओल्या मातीचा आणि सौम्य उन्हाचा काळ. आपला मार्च-एप्रिल म्हणजे ३८ अंशांकडे चढणारा पारा. तारीख उचलून आणू नका.

८. नाताळसाठी कुंडीतले ख्रिसमस ट्री आणले. जानेवारीत अंगणात लावून टाकू का?

नको. जुलैपर्यंत कुंडीतच ठेवा. हे रोप आधी नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली, मग दोन आठवडे दिवाणखान्यात राहिलेले असते. त्याला थेट उन्हात नेऊन लावणे म्हणजे एकाच वेळी दोन आघात.

सजावट आणि दिव्यांच्या माळा काढा. पूर्वेकडच्या बाल्कनीत, जिथे सकाळचे दोन-तीन तास ऊन येते, तिथे ठेवा. महिन्याभराने ऊन थोडे थोडे वाढवा, पण एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हापासून दूरच. कुंडी लहान वाटली तर मोठ्या कुंडीत हलवता येते (प्रश्न १२). मग पाऊस स्थिरावला की जमिनीत.

मात्र आधी जागा मोजा. अरौकेरिया दिवाणखान्यात तीन फुटांची असते. जमिनीत ती इमारतीच्या मजल्यांशी स्पर्धा करते. तिच्या काही जाती मूळ प्रदेशात ५० मीटरच्या पुढे जातात. भिंतीपासून, वीजतारांपासून किमान १५ फूट मोकळी जागा नसेल तर तिला कुंडीतच वाढवणे दोघांच्या हिताचे.

९. बिल्डरने फेब्रुवारीत ताबा दिला, बाग आत्ताच करायची आहे. उन्हाळ्यात लावायचा काही उपाय?

माझा सल्ला: बाकीची बाग करा, सूचिपर्णी रोपे विकत घ्या हवी तर, पण पिशवीत किंवा कुंडीत ठेवून जाळीखाली सांभाळा. चार महिन्यांनी लावलेले रोप दोन वर्षांत उन्हाळ्यात लावलेल्याच्या पुढे जाते, कारण त्याला सावरायला वर्ष घालवावे लागत नाही.

अगदीच नाइलाज असेल तर पिशवीतलेच, लहान रोप घ्या, जमिनीतून उपटलेले मुळीच नको. संध्याकाळी लावा, लगेच भरपूर पाणी द्या, ५० टक्के सावलीची जाळी चारही बाजूंनी आणि वरून बांधा, आळ्यात तीन-चार इंच पालापाचोळ्याचे आच्छादन करा. जाळी पानांना टेकू देऊ नका. आणि जुलैपर्यंत एकही पाणी चुकवू नका.

१०. पाऊस चालू असताना लावायचे की उघडीप मिळाल्यावर? सकाळी की संध्याकाळी?

उघडीप मिळाल्यावर, वाफसा आल्यावर. मूठभर माती दाबा. लाडू वळला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर लावण्याजोगी आहे. नुसता चिखल होत असेल तर थांबा. चिखलात लावले की पायाखाली माती दाबून घट्ट होते आणि मुळांभोवती हवा उरत नाही.

दिवस ढगाळ असेल तर वेळ कोणतीही. ऊन असेल तर चारनंतर.

११. खड्डा किती मोठा? त्यात काय काय भरायचे?

रुंदी हुंडीच्या दुप्पट ते तिप्पट. खोली हुंडीएवढीच, त्याहून जास्त नाही. खोल खड्ड्यात भुसभुशीत माती भरून लावले की रोप हळूहळू खाली खचते, खोड मातीत गाडले जाते आणि कुजायला लागते. नर्सरीत मातीची जी पातळी होती ती नव्या जागीही जमिनीच्या किंचित वरच राहिली पाहिजे.

भरताना खड्ड्यातलीच माती वापरा, पाचवा हिस्सा चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळा, मूठभर निंबोळी पेंड टाका. काळ्या जमिनीतल्या खड्ड्यात निव्वळ कोकोपीट आणि खत भरू नका. आजूबाजूचे सगळे पाणी त्या मऊ जागेत येऊन साचते. रासायनिक खत पहिल्या पावसाळ्यात अजिबात नको. युरियाने वरची कोवळी वाढ जोर धरते आणि ती पोसायला मुळे नसतात.

उन्हाळ्यात खड्डे घेऊन तापवण्याची आपली जुनी पद्धत चांगली आहे. फक्त काळ्या जमिनीत ते मृगाआधी सैलसर भरून घ्या.

१२. गच्चीवर कुंडीत आहे. मोठ्या कुंडीत कधी हलवू?

कुंडीला पावसाची वाट पाहायची फारशी गरज नाही, कारण पाणी आणि जागा दोन्ही तुमच्या हातात असतात. जुलै ते सप्टेंबर उत्तम, नोव्हेंबर-डिसेंबर चालेल. मार्च ते मे टाळा.

आधीच्या कुंडीपेक्षा दोन ते तीन इंचच मोठी कुंडी घ्या. एकदम मोठ्या कुंडीत लावले तर मुळे न पोचलेल्या भागात ओल साचून राहते. मिश्रणात तिसरा हिस्सा तरी जाड वाळू किंवा बारीक मुरूम असू द्या. हलवल्यावर तीन आठवडे सावलीत ठेवा. वरच्या मजल्यांवर वारा मोठा शत्रू असतो. जून-जुलैचा पश्चिमेचा वारा उंच अरौकेरियाला कुंडीसकट लोळवतो आणि ताज्या मुळांना हलवत राहतो, तेव्हा भिंतीचा आडोसा द्या आणि कुंडी बांधून ठेवा.

१३. चार फुटांचे रोप घेऊ की दीड फुटाचे?

दीड ते दोन फुटांचे. मोठे रोप त्या दिवशी छान दिसते, पण त्याच्या पानांच्या मानाने पिशवीतली मुळे फार थोडी असतात. लहान रोप एका पावसाळ्यात मातीत रुळते. हंगाम जितका उशिरा, तितके रोप लहान घ्या: जुलैत तीन फुटांचे चालून जाईल, डिसेंबरात नाही.

१४. पिशवी काढली तर मुळे गोल गोल फिरलेली दिसली. कापू की तशीच लावू?

तशीच लावली तर ती जमिनीतही गोलच फिरत राहतात, आणि काही वर्षांनी झाड जोराच्या वाऱ्यात बुंध्यातून हलते. जुलै-ऑगस्टमध्ये लावत असाल तर हुंडीच्या कडेला तीन-चार उभ्या चिरा द्या, अर्धा ते एक इंच खोल, धारदार सुरीने. तळाचा गुंता कापून टाका. हिवाळ्यात लावत असाल तर फक्त बाहेरची मुळे बोटांनी सोडवा, कापू नका. कापलेली मुळे भरून यायला ऊब लागते.

आणखी एक. पुण्यातल्या नर्सऱ्यांत येणारी बरीच रोपे आंध्रातल्या कडियम भागातून येतात आणि त्यांची हुंडी चिकट मातीची असते. ही माती एकदा कडक सुकली की वरून घातलेले पाणी बाजूने निघून जाते आणि आत कोरडेच राहते. अशी हुंडी लावण्याआधी पिशवीसकट अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की आतपर्यंत भिजली. आणल्यावर दहा-पंधरा दिवस तुमच्या हवेत, सावलीत राहू द्या.

१५. पाच वर्षांपूर्वी लावलेली मोरपंखी पार्किंगच्या आड येते. उपटून दुसरीकडे लावता येईल?

येईल, पण त्यासाठी एक वर्ष आधी तयारी लागते. झाडाभोवती खोडाच्या व्यासाच्या दहा-बारा पट व्यासाचे वर्तुळ आखा; खोड दोन इंच जाड असेल तर वर्तुळ साधारण दोन फुटांचे. यंदाच्या जुलै-ऑगस्टमध्ये त्या वर्तुळाच्या अर्ध्या भागावर धारदार फावड्याने फूटभर खोल चर खणून मुळे कापा आणि चरात माती-शेणखत भरा. उरलेला अर्धा भाग नोव्हेंबरात. उन्हाळाभर पाणी द्या. या काळात हुंडीच्या आतच बारीक मुळांचे जाळे तयार होते. पुढच्या जुलैत हुंडी गोणपाटात सुतळीने घट्ट आवळून, खोडाला धरून नव्हे तर खालून उचलून हलवा.

खोड चार इंचांच्या पुढे गेले असेल तर घरच्या घरी हा उद्योग करू नका.

कायद्याची बाजूही पाहा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी आवारातल्या झाडांनाही लागू होतो. असे झाड काढण्याआधी किंवा हलवण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीसाठी अर्ज करा. परवानगीला वेळ लागतो, म्हणून जुलैत हलवायचे असेल तर अर्ज हिवाळ्यातच द्या.

१६. माळी म्हणतो लावताना शेंडा छाटा, भार कमी होतो. छाटू का?

अरौकेरियाचा शेंडा कधीही छाटू नका. तिचा मधला शेंडा एकदा गेला की बाजूच्या फांद्या त्याची जागा घेत नाहीत. त्या आडव्याच वाढत राहतात आणि झाडाचा आकार कायमचा बिघडतो. नर्सरीतही शेंडा मोडलेले रोप स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. मोरपंखी आणि ज्युनिपर छाटणी सोसतात, पण लावतानाच नको. पाने हेच मुळांचे अन्न तयार करतात. वाळलेल्या फांद्या काढा, बाकी पहिले वर्ष हात लावू नका.

१७. मुळशीला फार्महाऊस आहे. तिथेही जुलैतच का?

नाही. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस होतो. लोणावळ्याला चार हजारांच्या पुढे. मुळशी, ताम्हिणीच्या बाजूला जुलै म्हणजे अखंड झड, तिथे नवे रोप पाण्यातच उभे राहते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लावा. जमिनीत ओल मुबलक असते, ऊनही शहराइतके कडक नसते. उतारावर लावा, सखल जागा सोडा.

पण तिथे शनिवार-रविवारच जाणे होत असेल तर नोव्हेंबरपासून मेपर्यंतच्या पाण्याची सोय आधी करा. घाटमाथ्यावरही उन्हाळा कोरडाच असतो.

१८. मनालीहून देवदारचे रोप आणले. पुण्यात कधी लावू?

कोणताही महिना निवडला तरी ते इथे फार काळ टिकणार नाही. देवदार हिमालयात सुमारे दीड हजार ते तीन हजार मीटरच्या पट्ट्यातले झाड आहे. पुणे साधारण ५६० मीटरवर. त्याला जी लांब थंडी लागते ती इथे नाही, आणि एप्रिलची दुपार त्याने कधी पाहिलेली नाही. हौसेने आणलेले रोप डोळ्यांदेखत झुरताना पाहणे वाईट असते, म्हणून स्पष्ट सांगतो. पाइनच हवा असेल तर चीड पाहा. तो हिमालयाच्या पायथ्याच्या उष्ण उतारांवरही वाढतो. डिसेंबरात मिळणारे लिंबाच्या वासाचे पोपटी-पिवळे लेमन सायप्रसही असेच. ते मूळचे कॅलिफोर्नियाच्या धुकट किनाऱ्याचे. पुण्यात हिवाळ्यापुरते पाहुणे म्हणून आणा.

१९. ऑगस्टमध्ये लावले. आता पाणी किती आणि कधीपर्यंत?

पावसाळ्यात फक्त पावसाने ओढ दिली तर. चार-पाच दिवस सर आली नाही तर बोट दोन पेरे मातीत घाला. कोरडे लागले तर दहा लिटर. ऑक्टोबर हीटमध्ये दर तीन-चार दिवसांनी, थंडीत आठवड्याने, मार्चपासून आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस लिटर, सावकाश. रोज तांब्याभर पाणी घालण्याची सवय मोडा. त्याने मुळे वरच राहतात. आळे खोडाला चिकटून नको, हुंडीच्या कडेला हवे, कारण मुळांनी बाहेर यावे असे आपल्याला वाटते.

उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पानांवर पाण्याचा फवारा मारा. कोरड्या हवेत मोरपंखी आणि ज्युनिपरवर लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) येतो, तो याने आटोक्यात राहतो. बोअरचे पाणी जड असेल तर पावसाचे साठवलेले पाणी अधूनमधून द्या.

हे सगळे दोन उन्हाळे करायचे.

२०. लावून दोन महिने झाले. झाड हिरवे आहे, पण धरले की नाही कसे ओळखू?

हिरव्या रंगावर विश्वास ठेवू नका (प्रश्न ३). नवा शेंडा फुटला म्हणजे धरले असेही नाही. तो खोडातल्या साठ्यावरही फुटतो. डहाळी बोटांत धरून वाकवा: लवचीक असेल तर जिवंत, कडकन मोडली तर गेली. मग नखाने खोडाची साल किंचित खरवडा, खाली ओलसर हिरवे दिसले पाहिजे. शेवटी खोड हळूच हलवा. बुंध्याजवळची माती सोबत हलली तर मुळे बाहेर पकड घेत आहेत; खोड मातीत सैल फिरत असेल तर अजून नाही, बांबूचा आधार ठेवा आणि उन्हाळ्यात जास्त जपा.

आतल्या बाजूची, खोडाजवळची जुनी पाने पिवळी होऊन गळत असतील तर घाबरू नका, ते दरवर्षीचेच आहे. टोके करपत असतील तर पाणी कमी पडते आहे किंवा मुळे कुजत आहेत. दोन्हीची लक्षणे वरून सारखीच दिसतात, त्यामुळे पाणी वाढवण्याआधी सहा इंच खाली उकरून पाहा. माती ओली आणि आंबूस वासाची असेल तर पाणी थांबवा, कडेने चर काढून निचरा करा.

२१. आधार दिला तरी अरौकेरिया दक्षिणेकडे झुकते आहे. लावण्यात चूक झाली का?

बहुधा नाही. अरौकेरियाची जी जात आपल्याकडे फार दिसते, कुक पाइन, ती विषुववृत्ताच्या दिशेने झुकते हे जगभरच्या झाडांची मोजमापे घेऊन २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडले आहे. उत्तर गोलार्धात म्हणजे दक्षिणेकडे. बुंध्याजवळची माती घट्ट असेल आणि शेंडा सरळ वर वाढत असेल तर आधार एका वर्षाने काढून टाका. माती सैल असेल, झुकाव पावसाळ्यानंतर एकदम वाढला असेल, तर मात्र मुळांचा प्रश्न आहे. प्रश्न १४ आणि २० पाहा.